उलट्या आट्यांचा दांडा

"तात्या, ह्ये लिवलंय का कोंबडी नाचलीया?" सोपानने वही उन्हात धरली आणि तो हसला.

सावळारामला ते हसणं लागलं. लासुर्ण्याच्या अलीकडे पाटाला जो सांडवा आहे, त्याचा दरवाजा तो बावीस वर्षं राखत होता. पाटात पाणी जास्त झालं की चाक फिरवून दरवाजा उचलायचा, पाणी ओढ्याला सोडायचं. वहीत त्याच्याच खुणा होत्या, टिंबं, आकडे, अर्ध्या चंद्रकोरी. दुसऱ्या कुणाला त्या कळत नसत. आजपासून दरवाजा सोपानच्या ताब्यात जायचा होता.

"त्याच कोंबडीनं बावीस वरसं पानी राखलंय. तू साळा शिकलायस नव्हं? लाव अर्थ."

"सांगा की वो तुमी."

"जेवून येतो. बेंदूर हाय आज."

एक गोष्ट सांगायची होती, ती त्याने रागाच्या भरात गिळली. दरवाजाचा दांडा मोडला तेव्हा लोहाराने उलट्या आट्यांचा बसवला होता. पाटावरचे बाकी दरवाजे डावीकडे फिरवले की उघडत, हा उजवीकडे. चाकावर खूण करावी असं सावळारामच्या मनात कधी आलंच नाही. खरं बोलायचं तर, केली असती तर 'तात्या, तुमीच या' असं कुणी म्हणालं नसतं. देवाने दिलेली घटका त्याने मानापायी घालवली.

घरी ताटात पुरणपोळी आली. बेंदराला बैलांना सुट्टी, तशी माणसांनाही. वरच्या गावांचे लोक शेतातली पाण्याची दारं बंद करून घरी येतात, आणि ते सगळं पाणी गुपचूप खाली येतं. आभाळ निरभ्र होतं. दर बेंदराला ओढ्यात वाजणारी सांडव्याची धार मात्र आज वाजत नव्हती.

वालचंदनगरच्या कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला तेव्हा तो बांधावरून धावत होता. पाणी काठाला टेकलं होतं. बिळांतले खेकडे बाहेर पडून वर चढत होते. बांधाखाली प्रयागबाईचं वांग्याचं रान, रानातच तिची खोप.

सोपान चाकाला लोंबकळत होता, डावीकडे. "जीव खाऊन फिरवतोय तात्या, उघडतच न्हाय!"

"आरं, लावतोयस तू! उजवीकडं!"

दोघांनी मिळून दरवाजा उचलला. तोवर एका बिळातून पाण्याने वाट काढली होती. बांध मुकाट खाली बसला.

प्रयागबाई म्हशीला घेऊन वर आली होती, म्हणून वाचली. खोप गेली. वांगी गाळाखाली गेली.

तिसऱ्या प्रहरी कालव्याचे साहेब आले. "उलटं कोणी फिरवलं?"



"चाक उलटं हाय ह्ये मी सोपानला सांगितलंच न्हाय," सावळाराम म्हणाला. "माजं नाव लिवा."

साहेब गेल्यावर त्याने डांबर मागवलं. चाकाशेजारच्या दगडावर मोठा बाण काढला. खाली ठसठशीत बालबोध अक्षरांत लिहिलं: 'उघडायचे इकडे. दांडा उलट्या आट्यांचा आहे. बेंदराला दुपारच्या आधी उघडावे.'

"आता कळलं मला," सोपान म्हणाला.

"तुला एकट्याला कळून भागत न्हाय." त्याने काठावर बसलेल्या प्रयागबाईला हाक मारली. "बाई, जरा हितं या. दरवाजा उघडून दावा."

"मला वाचता कुठं येतंय?"

"म्हनून तर."

ती बाणाकडे बघत राहिली. मग तिची नजर आपल्या रानाकडे गेली. चिखलाचे हात लुगड्याला पुसून तिने चाक धरलं.

सावळारामने आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

चाक कुरकुरलं आणि उजवीकडे फिरलं.