तोइवोची लगड

वॉलेस गावच्या खाणींतून पिढ्यान्‌पिढ्या चांदी निघाली. त्यामुळे तिथल्या बहुतेक घरांत कुठल्या ना कुठल्या कपाटात एखादी लगड, चारदोन चांदीच्या चकत्या पडून असत. त्या खऱ्या की खोट्या, हे पारखण्याचं काम व्हर्नाच्या सोन्याचांदीच्या दुकानात तिचा भाचा ओरिन करी. माणसांशी बोलताना त्याची जीभ अडखळे. धातूशी मात्र त्याचं जमे. चकती बोटाच्या टोकावर तोलून तो टिचकी मारी आणि तिचा लांबत जाणारा नाद विरेपर्यंत श्वास रोखून ऐकत राही.

"तुझ्यापेक्षा त्या चकत्या जास्त बोलतात रे," व्हर्नाआत्या चिडवायची.

मेच्या अखेरीस, एका शुक्रवारी, म्हातारी हिल्मा कूसिस्तो दुकानात आली. हातरुमालात गुंडाळलेली दहा औंसांची लगड तिनं काचेवर ठेवली. हातानं ओतलेली, कडा किंचित ओबडधोबड, आणि वर एकेक अक्षर ठोकून उमटवलेलं तिचं नाव.

"माझ्या तोइवोनं ओतली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. म्हणाला, एक कण हीण नाही. जावई म्हणतो, चांदीच्या भट्टीवरचे सगळे असंच सांगायचे. नातीची शाळा संपली, तिला द्यायचीय मला. पण खोटं सांगून नाही द्यायची."

"आणि खोटी निघाली तर?" व्हर्नानं विचारलं.

"तर नवरा खोटा निघेल. लगडीचं काय घेऊन बसलीस."

"कोपरा कापून बघू?" ओरिन हळूच म्हणाला.

"माझं नाव आहे त्यावर, पोरा. करवत लावायची नाही."

लोहचुंबक लगडीला चिकटला नाही. धातू ओळखणाऱ्या यंत्रानं चांदी दाखवली. पण यंत्राला दिसते ती फक्त वरची कातडी, मुलामासुद्धा त्याला फसवतो. टिचकीला आवाज आला तो बसका. शेवटी ओरिननं लगड दोऱ्यानं पाण्यात सोडून तोलली आणि वहीत घनतेचा आकडा मांडला. साडेदहाच्या आसपास यायला हवा होता. आला दहा पूर्णांक शून्य पाच.

त्या क्षणी त्याच्या मनात एक गोष्ट येऊन गेली. वितळलेली चांदी हवा पिते; घाईनं थिजली तर ती हवा आतच कोंडून राहते. हातानं ओतलेल्या लगडीत असं होतं, कधीतरी. 'मला नक्की सांगता येत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण त्यामागून खुलासे करावे लागले असते, तिच्या डोळ्यांकडे पाहत. आकडा त्यामानानं केवढा आटोपशीर. त्यानं वही तिच्याकडे फिरवली.

"आत दुसरं काहीतरी आहे."

"म्हणजे हीण."

"हो."

हिल्मानं रुमालाची चारी टोकं सावकाश दुमडली आणि ती गेली.

मंगळवारी ती परत आली. लगड या वेळी नुसतीच, रुमालाशिवाय.

"काप."

"पण तुमचं नाव..."

"काप म्हटलं ना. माझ्या नावाखाली काय घातलं होतं त्यानं, ते तरी बघू दे."

करवत चालली. पांढराशुभ्र भुगा पडत राहिला. पांढरा, आणखी पांढरा. लगड दुभंगली तेव्हा मधोमध गोटीएवढी पोकळी होती. आत काहीच नव्हतं. ओरिननं दोन्ही तुकड्यांवर आम्लाचा थेंब टाकला, पुसला, पुन्हा टाकला.

"शुद्ध आहे," तो म्हणाला. "ओतताना हवा अडकली होती."

"असं होतं, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग शुक्रवारी बोलला का नाहीस?"

ओरिनकडे उत्तर होतं. ते इतकं क्षुल्लक होतं की उच्चारायची लाज वाटली.

"काल गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. सगळं गाव लायलॅकची फुलं घेऊन दफनभूमीत गेलं," हिल्मा म्हणाली. "तोइवो गेल्यापासून अकरा वर्षांत माझा हा सोमवार चुकला नव्हता. काल मी खिडकीकडे पाठ करून घरात बसले. दिवसभर त्याच्याशी भांडले. तो काय बोलणार."

"मी पुन्हा आटवून... साचा आहे आमच्याकडे."

"ती तुझी लगड होईल. त्याची नाही." दोन्ही तुकडे तिनं वेगवेगळ्या खिशांत टाकले. "तुझ्यावर राग नाही माझा. तू आकडा सांगितलास, त्यावर विश्वास मी ठेवला. त्याच्यावर ठेवायचा राहिला."

"वर दफनभूमीत जाताय? मी येऊ बरोबर?"

"नको. हे त्याला मलाच सांगू दे."

ती गेल्यावर ओरिननं काचेवरचा भुगा कुंचल्यानं कागदावर गोळा केला. तो तिचा होता. पुडी बांधून त्यानं वर तिचं नाव लिहिलं आणि ती गल्ल्याशेजारी ठेवली. सारा उन्हाळा दारावरची घंटा वाजली, की तो मान वर करून पाही. हिल्मा पुडी न्यायला आली नाही, आणि तिच्या दारापर्यंत जायचं धाडस त्याला झालं नाही.