पाऊस पडेपर्यंत

पाचरंगी दोरा — त्यातला पांढरा आता पांढरा राहिलाच नव्हता, पेज, माती, लाळ सगळं पिऊन करडा झालेला — लेकीच्या, यान्यानच्या मनगटात रुतला होता, आणि रुओलान त्याच्याखाली करंगळीचं नख सरकवू पाहत होती. नख जाईना. ड्रॅगन-नौकांच्या सणाला, बांबूच्या पानांतला चिकट भात चुलीवर असताना, तिनं तो चांगला ऐसपैस बांधला होता. पण त्याला दोन महिने झाले, आणि दोन वर्षांचं पोर वाढायचं थोडंच थांबतं... सणानंतरच्या पहिल्या पावसातच दोरा कापायचा, पाण्यात सोडायचा. वर्षाची दुखणी त्याच्याबरोबर वाहून जातात; आधी कापला तर अंगावरच राहतात. पण इथं कैरोत पाऊस?

"हिवाळ्यात येईल, तोही चार थेंब," शेजारची उम्म हानी काल हसली होती. "तोवर पोरीचा हात राहील का गं?"

नवरा तर म्हणाला, "वरच्यांचा एसी गळतोय ना, तोच पाऊस समज."

बाल्कनीत बसून तिनं कात्री उघडली. पातं गार. तेव्हाही गारच होतं — मी सात वर्षांची, धाकटी बहीण श्याओमान तीन, माझ्या बाहुलीला बांगडी हवी होती म्हणून तिचा दोरा... तिनं हात पुढे केला होता, तळवा वर करून. पाऊस चार दिवसांनी आला, ताप त्याच्या आधी. मी शिकलेली आहे, ताप कशानं येतो मला कळतं. कळतं, आणि तरी कात्री मिटत नाही.

फोन वाजला. आई.

"पडला का पाऊस?"

"नाही."

"मग हात लावू नकोस. तुझ्या बहिणीची गाठ मीच सैल मारली, दोरा कुठं गळून पडला कळलंही नाही... सव्वीस वर्षं झाली तिला जाऊन. तू तरी घट्ट बांधलीस ना?"

म्हणून आई खाऊच्या पुडक्यालासुद्धा तीन-तीन गाठी मारते — मी हसायचे, दातांनी सोडवताना...

"आई."

"हं, बोल की."

वरून एक थेंब यान्यानच्या मनगटावर पडला. पोरीनं वर पाहिलं, मग कात्रीकडे, आणि हात पुढे केला — तळवा वर करून.

"काप," पोर म्हणाली.

गाठ घट्ट होती, आई. एवढंच तर म्हणायचं होतं. फोनमध्ये आईचा श्वास ऐकू येत होता, आणि दोऱ्यावर टेकलेल्या बोटाखाली नाडी उडत होती... पोरीची, की आपली — की त्या तिसरीची — ते काही तिला सांगता येईना.