शेंदराचा धोंडा

एका जागी बसणं हरिबाला जन्मात जमलं नव्हतं, आणि प्रोफेसरांनी त्याला नेमकं तेच काम दिलं होतं. पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारा हा धनगराचा पोरगा. बाकीची मुलं पक्षी मारून, पेंढा भरून आणायची. ह्याने भर वर्गात सांगितलं, की आमच्या सोलापूरच्या माळावर साहेबलोक इतके माळढोक टिपतात, की पुढे अभ्यासाला नुसता पेंढाच उरेल. प्रोफेसर हसले नाहीत. श्रावणात गावी जा म्हणाले, घरट्यावर नजर ठेव, पिल्लू बाहेर येईपर्यंतची हकीकत लिहून आण. त्या जोरावर मी सरकारकडे शिकारबंदी मागतो.

माळढोकाची मादी घरटं बांधतच नाही. उघड्या माळावर एकच अंडं घालते आणि त्यावर बसते. हरिबाला ते सापडलं आणि त्याची झोप उडाली. कुणाची मेंढरं वरून गेली तर? बाप, बिरप्पा, म्हणाला, जागा दाखव, सगळ्या मेंढक्यांना सांगून ठेवतो. पण दाखवली आणि कुणी अंडंच उचललं तर? ह्या शहाण्याचा कुणावर भरवसा नव्हता. त्याने अंड्याजवळ एक धोंडा उभा केला, त्याला शेंदूर फासला आणि गुपचूप परत आला. देवाच्या जागेत धनगर मेंढरं घालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

युक्ती लागू पडली. कळप लांबून वळू लागले, मादी निवांत बसली. हरिबाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. बाभळीआड बुड टेकायचा, उठायचा, डोकावायचा, परत टेकायचा. पिल्लू आता आज-उद्या बाहेर येणार होतं.

रविवारी आईने झाकून ठेवलेली भाकरी खायला तो घरी आला, तर माळाकडून ढोल ऐकू आला. भाकरी तशीच राहिली. धापा टाकत पोचला तेव्हा धोंड्यावर भंडारा उधळला होता आणि माणसं फेर धरून नाचत होती. मादी उडून गेली होती. अंडं पायाखाली सापडलं होतं. फुटक्या कवचात ओल्या पिसांचं पिल्लू होतं, पुरतं वाढलेलं.  ढोल कुणी आणले, असं हरिबा दरडावून विचारू लागला, तेव्हा गर्दीतून आई, अंबुबाई, पुढे आली. उपवासामुळे तिच्या पोटात सकाळपासून पाणीसुद्धा नव्हतं, तरी तोंडावर लई दिवसांनी समाधान होतं.

"मीच आणलं," ती म्हणाली. "देव आपसूक परगटला की माळावर. तुजं शिक्षान पार पडू दे म्हनून नवस बोलले व्हते त्याला."

तिने त्याच्या कपाळाला भंडारा लावला. धोंडा मीच रोवला, एवढे शब्द त्याच्या ओठापर्यंत आले आणि तिच्याकडे बघून तो ते गिळून बसला. त्याला रडू येत होतं. पाया पड, असं बापाने मागून सांगितलं.

तो वाकला. शेंदरात त्याच्याच बोटांचे ठसे अजून तसेच होते.