बराकीतलं पाणी

२००८ च्या फेब्रुवारीत परप्रांतीयांवरून वातावरण तापलं आणि त्याची झळ उल्हासनगरजवळच्या बुवापाड्यात शीलाच्या दारापर्यंत आली. तिच्या मागच्या खोलीत अंजनी भाड्याने राहत होती. अंजनीचा नवरा आनंदनगरच्या कारखान्यात हेल्पर होता. मारामाऱ्यांच्या बातम्या आल्या तसा तो गोरखपूरकडच्या आपल्या गावी निघून गेला. अंजनी मागे राहिली. मुलगी मराठी शाळेत दुसरीला होती, तिची परीक्षा बुडू द्यायची नव्हती.

एका संध्याकाळी शेजारचा शंकर चार माणसं घेऊन आला आणि खोली खाली करून घ्या म्हणाला. ही माणसं इथे कमावतात, गावाला पाठवतात, आपली भाषा शिकत नाहीत. सिंध्यांची गोष्ट वेगळी, ते इथले झाले, असं त्याचं म्हणणं. विचार करून सांगते, असं म्हणून शीलाने वेळ मारून नेली.

पण ते ‘इथले झाले’ तिच्या डोक्यातून जाईना. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात सिंधी मालक रोचलदासांच्या कापडाच्या दुकानात ती कामाला होती. दुपारी दुकान रिकामं असताना तिने त्यांच्याकडे विषय काढला. म्हातारा तर शंकरपेक्षा जास्त चिडलेला. हे लोक रस्त्यावर बसून स्वस्तात माल विकतात, आमचा धंदा बसवला, असं बराच वेळ बोलत राहिला. मग बोलता बोलता मध्येच थांबला आणि हसला. फाळणीनंतर घरचे सगळे इथे आले तेव्हा, लहानपणी, कल्याणच्या बाजारात तो निम्म्या भावाने कंगवे विकायचा. तिथले दुकानदार त्याला हेच ऐकवायचे.

“मग तुम्ही इथले कसे झालात, दादा?”

“वापस जायला गावच नव्हतं ना,” रोचलदास म्हणाले. “असतं तर मीपण गेलो असतो.”

घरी आल्यावर तिने सासूला गाठलं. आज उल्हासनगर आहे तिथे तेव्हा निर्वासितांची छावणी होती; कौसाबाई लहानपणी बापाबरोबर त्या छावणीत लाकडाच्या मोळ्या विकायला जायच्या. लष्कराच्या लांबलचक बराकी, एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये पडदे गोणपाटाचे. गावातले लोक म्हणायचे, हे निर्वासित आपल्याला खाऊन टाकतील. तिथली एक बाई कौसाबाईंना चांगली आठवत होती.

“तिला आपली जात ठाऊकच नव्हती. तहान लागली म्हटलं, तर आपल्या माठातलं पाणी पितळी पेल्यात दिलं. गावात आम्हाला विहिरीजवळ फिरकू देत नव्हते. मी पेला हातात धरून बघतच राहिले.”

“मग, आत्या?”

“पुढे तिला आपल्यासारखं बोलता यायला लागलं. आणि एक दिवस तिने वरून ओंजळीत पाणी ओतलं. कुणीतरी शिकवलं असणार.” कौसाबाईंनी पदर सारखा केला. “इथली झाली ती.”

 शीला उठून मागच्या खोलीत गेली. अंजनी कणीक मळत होती. आमच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहूनही तू खोली घेतलीस, तेव्हा आम्ही कोण ते तुला माहीत होतं का, असं शीलाने सरळच विचारलं.

अंजनीचा हात थांबला. “पता था, दीदी. गाँव में होती तो नहीं रहती. यहाँ और किसी ने कमरा दिया नहीं.”

शीलाला ते लागलं. पण अंजनी खोटं बोलली नाही, हे तिला आवडलं. अंजनीची पोर गेले कित्येक दिवस कौसाबाईंच्या ताटात जेवत होती आणि अंजनीने तिला एकदाही हाक मारून उठवलं नव्हतं, हे शीलाच्या आत्ता ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी तिने शंकरला सांगितलं, खोली माझी आहे, ती राहील. शंकरच्या बायकोने नळावर तिच्याशी बोलणं टाकलं, ते पुढे कित्येक महिने.

होळी झाल्यावर अंजनीचा नवरा परत आला. गावातलं घर बांधून झालं की कायमचं जायचं, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. शीलाने अंजनीला एकटीला गाठून विचारलं, खरंच जाणार का?

“जाऊँगी तो बेटी रोएगी,” अंजनी म्हणाली. “नहीं जाऊँगी तो मैं.”

तुझ्या गावात असं आहे तरी काय, शीलाने विचारलं. अंजनी गावच्या तळ्याबद्दल सांगू लागली, तशी शीला पाट ओढून बसली.