जबडा बरा झाल्यावरचा सीन

दादाकडे आता एकच शब्द उरला आहे : ‘परत’. चहा हवा असला तरी परत, नको असला तरी परत, पाठ खाजत असली तरी परत. डॉक्टर म्हणतात, असं होतं. मेंदूला मार बसला की कुणाकडे एखादी शिवी उरते, कुणाकडे बायकोचं नाव. वहिनीला वाटतं, त्याला घरी परत जायचं होतं, तेच जिभेवर अडकून राहिलं. तो शब्द कुठून आला ते मला माहीत आहे. त्या दिवशी काचेच्या अलीकडून मी तो त्याला चाळीस-पन्नास वेळा तरी ऐकवला होता.

मी डबिंग करून घेते. परदेशी सिनेमातली माणसं आपल्या भाषेत बोलतात ना, ते माझं काम. आवाज देणारा बंद खोलीत माइकपुढे उभा, समोर पडद्यावर सीनचा तुकडा, कानाला हेडफोन. काचेच्या बाहेर मी आणि मशीनवर बसलेला रेकॉर्डिस्ट. वाक्य बिघडलं की मी बटण दाबून म्हणायचं, ‘परत.’ बावीस वर्षं हेच चाललंय. माझ्या कानाचा लोकांना धाक आहे. कोण न जेवता आलंय, कोण रडून आलंय, ते मला पहिल्या ओळीत कळतं. निदान मी तसं सांगत फिरायचे.

सात वर्षांपूर्वी दादाने एका मारामारीच्या सिनेमात हिरोला आवाज दिला. मूळचा तो व्हिडिओ गेम. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि एक आडवा होईपर्यंत एकमेकांना बडवतात. त्यातून कुणीतरी सिनेमा काढला आणि तो बरा निघाला. हिरो कमी बोलायचा, पण बोलला की दादाच्या आवाजात बोलायचा. गल्लीतली पोरं त्याची वाक्यं एकमेकांवर फेकायची. दादा भाजी आणायला गेला तरी लोक म्हणायचे, एकदा म्हणून दाखवा ना. दादा पिशवी खाली ठेवून म्हणून दाखवायचा. वहिनी लाजून पुढे निघून जायची.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सिनेमावाल्यांना कुणी सांगत नाही. त्यांनी दुसरा भाग काढला. गेममध्ये जितकी पात्रं होती तितकी सगळी त्यात कोंबली. प्रत्येक जण येतो, नाव सांगतो, लाथ मारतो आणि जातो. पहिल्या भागातला नट या वेळी आलाच नाही, म्हणून हिरोला नवा चेहरा लावला आणि अठराव्या मिनिटाला त्याला मारून टाकलं. कंपनीने मला बजावलं, चेहरा बदललाय, निदान आवाज तरी तोच हवा. दादा सात वर्षं या फोनची वाट बघत होता. हिरो अठराव्या मिनिटाला मरतो हे मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, काम करताना कळेलच.

सकाळी दहाला तो आला. नवा शर्ट घातला होता. अकरापर्यंत आवाज खणखणीत होता. मग जबड्याचा सीन आला. खलनायक हिरोच्या तोंडावर लाथ मारतो, जबडा मोडतो, आणि तशा मोडक्या तोंडाने हिरोला तीन वाक्यं बोलायची असतात. दादाने ती अशी म्हटली की माझ्या अंगावर काटा आला. ओठाच्या एका कोपऱ्यातून हवा निसटत होती, ‘र’ घसरत होता. मी बटण दाबून म्हटलं, “वा दादा! अस्संच हवं होतं. हे कुठून काढलंस?”

तो काहीतरी म्हणाला आणि हसला. काय म्हणाला ते मला कळलं नाही, मीही विचारलं नाही. मशीनवर वेळ उमटत होती, अकरा वीस.

पुढच्या सीनमध्ये एक म्हातारी गुरुमाता हिरोच्या गालावरून हात फिरवते आणि मोडलेला जबडा दोन सेकंदांत बरा होतो. कसा, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. मग हिरो उठतो आणि गरजतो, ‘माझ्या गुरूच्या राखेची शपथ!’

दादा म्हणाला, “माझ्या गुलूच्या लाखेची शपथ.”

“दादा, जबडा बरा झालाय आता,” मी म्हटलं. “नीट बोल. परत.”

“गुलूच्या लाखेची.”

“परत.”

अकरा टेक झाले. रेकॉर्डिस्ट म्हणाला, “ताई, काका थकलेत वाटतं.” मी म्हटलं, “थकले नाहीत, सवय सुटलीय. सात वर्षं घरी बसल्यावर जीभ जड होतेच.” हे मी म्हटलं! आणि बटण दाबलेलं होतं, म्हणजे दादानेही ते ऐकलं. त्यानंतर त्याने जीव तोडून प्रयत्न केला. एक टेक जरा बरा आला, तो मी ठेवला.

सव्वाबाराला चहा आला. दादाने कप उचलला आणि तो त्याच्या उजव्या हातातून सुटला. नव्या शर्टावर सगळा चहा. तो हाताकडे बघत राहिला, हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा. हे नुसतं थकणं नाही, हे तेव्हा मला कळलं. ते नाकारण्यात अर्थ नाही. एकदा मनात आलंही, थांबावं. पण हिरो मरायला पंधराच तुकडे राहिले होते आणि स्टुडिओ दोनपर्यंतच मिळाला होता. मी त्याचा शर्ट पुसला आणि म्हटलं, “एवढं उरकून टाकू, मग घरी जाऊन मस्त झोप.” त्याने मान हलवली. लहानपणापासून मी जे म्हणेन त्याला मान हलवणारा माणूस तो.

दीड वाजता, हिरोचं मरण आटोपल्यावर, म्हणजे काम संपवून, दादा माइकचा दांडा धरून खाली बसला आणि उठला नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत सव्वादोन झाले. वहिनी आमच्याआधी पोचली होती, पायात घरातल्या सपाता. तपासण्या, फोटो, रांगा. मग तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “मेंदूत गुठळी अडकलीय,” त्या म्हणाल्या. “मला नेमकी वेळ हवी. पेशंटला शेवटचं नीट बोलताना कुणी ऐकलं? आणि किती वाजता?”

जगात या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझ्याएवढं योग्य माणूस नव्हतं. मी सेकंदासह सांगू शकले असते. वहिनी माझ्या शेजारी उभी होती, माझा दंड धरून. मी म्हटलं, “दीड वाजता. बोलता बोलता पडला.”

“मग वेळेत आहात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. त्यानंतर दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.” वहिनीने हात जोडले. मी मनात हिशेब केला. अकरा वीस अधिक साडेचार, तीन पन्नास. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात तीन पंचावन्न झाले होते. अजूनही बोलता आलं असतं. ‘डॉक्टर, थांबा,’ एवढे दोनच शब्द. मी तोंडातून ब्र काढला नाही. चार वाजता इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंदूत रक्तस्राव झाला.

वेळेत दिलं तरी शंभरात पाच-सहा जणांना असं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी ते वाक्य उराशी धरून बसले. पण इंजेक्शनचं एक सोडा. अकरा वीसला मी त्याला बाहेर काढलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि त्याला कुठलीही आकडेवारी लागत नाही.

पहिल्याच आठवड्यात वहिनीने मला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं. चेहरा पांढराफटक. म्हणाली, “बेबी, तुला एक सांगते, कुणाला सांगू नकोस. त्या दिवशी सकाळी मी त्यांना ब्लडप्रेशरची गोळी द्यायला विसरले. शर्टाला इस्त्री करत होते, त्या नादात.” आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी सत्तेचाळीस वर्षांची बेबी, तिची धाकटी नणंद. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, “एका गोळीने काही होत नसतं, वहिनी. तू स्वतःला माफ कर.” लाज वाटायला हवी होती. वाटली सुटकाच. तिने आपणहून ओझं उचललं होतं आणि मी ते तिच्या डोक्यावर नीट ठेवून दिलं.

चार महिन्यांनी सिनेमा लागला. दादाची ती वाक्यं नव्याने करून घ्यायला कंपनी तयार नव्हती. म्हणाले, अठरा मिनिटांचा तर हिरो आहे, कोण लक्ष देतंय. पेपरात जाहिरात दिसली तेव्हा दादा डाव्या हाताने त्यावर टकटक करत राहिला. वहिनीने मला फोन केला, “त्यांना बघायचाय. तूही चल.” मी तीन कारणं सांगितली. ती म्हणाली, “त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं काम आहे, बेबी.”

दुपारचा खेळ. पाऊण थिएटर रिकामं. दादाची चाकाची खुर्ची रांगेच्या टोकाला, शेजारी वहिनी, मग मी. सिनेमा सुरू झाला आणि दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं की आपण फसलो. पात्रांची रीघ लागली होती. मागे कुणीतरी ओरडलं, “अरे, गोष्ट कुठंय?” कुणी म्हणालं, “घरी विसरली!” पण दादाचा खणखणीत आवाज आला तसा तो खुर्चीत ताठ झाला. अर्ध्या चेहऱ्याने हसला. वहिनीने त्याचा हात धरला.

लाथ बसली. जबडा मोडला. लोक गप्प झाले, कारण तेवढं खरं वाटत होतं. मग गुरुमाता आली, गालावरून हात फिरला, आणि हिरो उठून म्हणाला, ‘माझ्या गुलूच्या लाखेची शपथ!’

थिएटर फुटलं. “हिरो टाइट आहे रे!” “पाजून आणलाय!” पुढच्या प्रत्येक वाक्याला शिट्ट्या. लोक हिरोबरोबर जिभा वाकड्या करून बोलायला लागले. शेवटी हिरो मेला तेव्हा टाळ्या पडल्या. दादाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत राहिले.

वहिनी उठली आणि बाहेर गेली. मी मागोमाग गेले. बाहेर झाडूवाली दाणे गोळा करत होती, बाकी कुणी नव्हतं.

“बेबी,” वहिनी म्हणाली, “जबडा तर बरा झाला होता ना?”

“हो.”

“मग ते तसं का बोलत होते? तसं तर ते दवाखान्यात, पहिल्या दिवशी...” ती थांबली. चार महिने ती त्याच्या त्या एकाच शब्दातले फरक ऐकत आली होती, माझ्या कानापेक्षा तिचे कान तयार झाले होते. “हे किती वाजताचं?”

“पावणेबाराचं.” खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. “सुरुवात अकरा वीसला झाली. मला वाटलं, अ‍ॅक्टिंग करतोय. नंतर कप पडला, तेव्हा मात्र कळलं होतं.”

“आणि डॉक्टरांना तू दीड सांगितलंस.”

“तू शेजारी होतीस.”

“मी शेजारी होते म्हणून!”

ती भिंतीला टेकली. मला वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“मला माफ कर,” मी म्हटलं. “निदान ती गोळी तरी आता मनातून काढून टाक, वहिनी.”

“अशी कशी काढू? विसरले ते विसरलेच ना मी. तू आज सांगितलंस म्हणून ती गोळी त्यांच्या पोटात गेली का?” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “रोज संध्याकाळी मी त्यांच्यापाशी बसून माफी मागते. म्हणते, माझ्यामुळे झालं हे. की ते डाव्या हाताने खुर्ची बडवतात, लाल होतात, डोळ्यांतून पाणी येतं. मला वाटायचं, माझ्यावर चिडतात. म्हणून मी अजून रडायचे, आणि ते अजून बडवायचे. चार महिने, बेबी. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते मला ‘नाही’ म्हणत होते.”

मी तिच्या हाताला हात लावायला गेले, तिने तो मागे घेतला आणि आत गेली.

मी दार ढकलून उभी राहिले. पडद्यावर कोण कुणाला मारत होतं, देव जाणे. त्या उजेडात वहिनी खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसलेली दिसली. ती दादाच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती, बराच वेळ. त्याने खुर्ची बडवली नाही. डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी दारातच थांबले. मला कुणी आत बोलावलं नाही.