कासवाचा साचा

"साचा तुमचाच आहे मावशी, पण तो आता संग्रहालयाच्या नोंदीत आहे," पेइशान म्हणाली.

वांचूने काचेवर बोट टेकवले. आत पिवळ्या दिव्याखाली तिचा साचा उताणा पडला होता. पोटात कोरलेले कासव वर बघत होते.

"नोंदीत तुमच्या असेल. मला परवासाठी तो लागणार आहे. एका दिवसाचं काम. संध्याकाळी धुऊन परत आणून देते."

"धुवू नका!" पेइशान दचकून म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने एक अर्ज पुढे सरकवला. "हा भरा. सात दिवसांत उत्तर येईल. कामाचे सात दिवस. शनिवार-रविवार धरायचे नाहीत."

"अगं पोरी, भूमिदेवाचा वाढदिवस परवा आहे. त्याला सांगू का, थांब बाबा, शनिवार-रविवार धरायचे नाहीत म्हणून?"

पेइशानला हसू आले, पण तिच्या हातात काही नव्हते. संग्रहालयाचे प्रमुख हुआंग साहेब जिल्ह्याच्या बैठकीला गेले होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती.

वांचूने अर्ज घडी करून पिशवीत टाकला. संग्रहालय तिच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत, जुन्या तांदळाच्या गोदामात होते. 'आपल्या गावच्या बेकऱ्या' असे प्रदर्शन तिथे चार महिने चालू होते. भिंतीवर तिच्या बंद झालेल्या दुकानाचा फोटोही होता. साचा मागायला हीच मंडळी पेरूंची पेटी घेऊन घरी आली होती. "कधीही न्या मावशी, वस्तू तुमचीच," असे हुआंग साहेब तेव्हा तिच्या खुर्चीत बसून, तिचाच चहा पीत म्हणाले होते.

साचा शुनफाने, तिच्या नवऱ्याने, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात कोरला होता. कोरता कोरता मागच्या पायाला एक बोट जास्त झाले. ती म्हणाली, फेकून दे, दुसरा कर. तो म्हणाला, राहू दे, देवाचं कासव आहे, जरा भरभर चालेल. त्यानंतर छत्तीस वर्षे गल्लीच्या भूमिदेवापुढचे मोठे गुलाबी कासव त्यांच्याच बेकरीतून गेले. भाजलेल्या चिकट तांदळाचे पीठ, साखरेचा पाक आणि केळ्याच्या अर्काचा वास. परातीवर साचा पालथा घालून शुनफा एकच थाप मारायचा आणि सहा बोटांचे कासव सुटून बाहेर यायचे. शुनफा गेला, दुकान बंद झाले. गेल्या वर्षी सुतक होते म्हणून तिने कासव दिले नाही. यंदा देवळातले म्हातारे स्वतः विचारायला आले होते आणि ती हो म्हणून बसली होती.

तिथून ती सरळ च्यामिंगच्या बेकरीत गेली. चौकातली ही सर्वांत नवी बेकरी. दुकानाच्या भिंतीवर ओळीने नऊ जुने साचे लावलेले होते. तिला बरे वाटले.

"त्यातला एक दे रे दोन दिवस. तो डावीकडचा, कासवाचा."

"मावशी, ते स्क्रूने पक्के केलेत. मागून गोंदही आहे," च्यामिंग ओशाळून म्हणाला. "लोक समोर उभे राहून फोटो काढतात ना. तुम्हाला प्लास्टिकचा देऊ? तळहाताएवढा आहे."

"तळहाताएवढं कासव देवाला ठेवू? त्याला वाटेल उंदीर आणलाय."

च्यामिंगने घाईघाईने दोन अननसाचे केक कागदात बांधून तिच्या हातात कोंबले. नको म्हणायचे त्राण तिच्यात नव्हते. कालव्यापलीकडे म्हाताऱ्या थ्येनसूची बेकरी होती. पूल ओलांडेपर्यंत गुडघा बोलायला लागला. थ्येनसू दारातच स्टुलावर बसून पायांना तेल चोळत होता.

"वहिनी, माझे साचे मागेच गेले. तैपेईचा एक माणूस आला, सगळे उचलून घेऊन गेला. चहाच्या हॉटेलात लावणार म्हणे." तो तिच्याकडे बघत राहिला. "पण तुमच्यासारखा साचा तर या गावात कुणाकडेच नव्हता. तो कुठाय?"

"काचेत."

"काचेत काय करतोय?"

"पडलाय," वांचू म्हणाली. तिला एकदम रडू येईल असे वाटले, म्हणून तिने एक केक थ्येनसूच्या हातात दिला आणि मागे वळली.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच ती संग्रहालयापुढे उभी होती. हुआंग साहेब स्कूटरवरून उतरले तेव्हा तिने त्यांना हेल्मेटही काढू दिले नाही.

"साहेब, तुम्ही माझ्या घरी बसून काय म्हणाला होता? कधीही न्या. आज न्यायला आले."

"मावशी, नियम असतात..."

"पेरू आणले तेव्हा नियम कुठे होते?"

शेजारचा भाजीवाला हातातले काम सोडून बघू लागला. हुआंग साहेबांनी तिला आत नेले, पेइशानला हाक मारली, पांढरे हातमोजे मागवले. कपाट उघडले. वांचूने हातमोजे बाजूला ठेवले आणि साचा उचलला.

हाताला काहीतरी वेगळेच लागले. तिने कासवाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. लाकूड गुळगुळीत होते, काचेच्या बरणीसारखे. तिने साचा नाकाजवळ नेला. तीळतेलाचा वास नव्हता, पिठाचाही नव्हता. नव्या फर्निचरच्या दुकानात येतो तसा वास आला.

"याला काय लावलंत?"

"वॉर्निश," पेइशान म्हणाली. "कीड लागू नये म्हणून. तीन हात दिलेत. आता शंभर वर्षं काही होणार नाही त्याला."

वांचूने साचा दिव्याखाली धरला. खवल्यांच्या बारीक खाचा भरून गेल्या होत्या. जास्तीच्या बोटाजवळ वॉर्निशचा थेंब वाळून घट्ट बसला होता.

"यात खायची वस्तू दाबायची असते," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आता यात दाबलेलं कोण खाईल?"

"खरवडून काढता येईल का?" हुआंग साहेबांनी विचारले.

"खरवडलं तर कासवही जाईल," वांचू म्हणाली.

पेइशानचा चेहरा पडला होता. वॉर्निश तिनेच लावले होते, शेजारच्या गावच्या प्रशिक्षणात शिकून, दोन रविवार घालवून. ते तिच्या तोंडावरूनच वांचूला कळले आणि त्यामुळे धड रागावताही येईना. तिने साचा होता तसा काचेत ठेवला. हुआंग साहेब भरपाईच्या अर्जाबद्दल काही सांगत होते. ती बाहेर पडली.

दुपारी तिने पीठ काढले, पाक केला, केळ्याचा अर्क घातला. हातांना सगळे माप आठवत होते. पण गुलाबी गोळा परातीत पडल्यावर ती किती तरी वेळ नुसती बघत बसली. साच्यात दाबायचे काम शुनफाचे. तिने कधी कासव घडवलेच नव्हते.

पहिल्याची मान खचली. दुसरे बेडकासारखे दिसू लागले. "मेला तो साचा!" ती स्वयंपाकघरात एकटीच ओरडली आणि गोळा परत मळला. तिसऱ्यांदा तिने पाठ आधी केली, मग पाय, मान सगळ्यात शेवटी. खवले चमच्याच्या कडेने उमटवले. ते वेडेवाकडे झाले. प्रत्येक पायाला बोटे किती, ते तिने मोजले नाही.

सकाळी देवळात म्हाताऱ्यांनी परातीभोवती गर्दी केली.

"यंदाचं कासव वेगळंच दिसतंय गं," एक जण म्हणाला.

"हाताचं आहे," वांचू म्हणाली.

"जरा रागावल्यासारखं वाटतंय."

"रागावलेलंच आहे."

सगळे हसले. उदबत्त्या जळाल्या, कासव कुणी न्यायचे याचे कौल लावले गेले आणि ते स्कूटर दुरुस्त करणाऱ्या यूथांगला मिळाले. त्याने तिथेच सुरी मागवून ते कापले आणि सगळ्यांना वाटायला सुरुवात केली.

पेइशान कधी येऊन उभी राहिली ते वांचूला कळले नाही. गळ्यात कॅमेरा होता. डोळे जागरणाने सुजले होते.

"मावशी, मी... मला माफ करा. आणि एक विचारायचं होतं. तुम्ही हे हातानं करता, त्याचं आम्ही रविवारी चित्रण करू का? साच्याशेजारी दाखवता येईल. नाहीतर हेही जाईल."

वांचूने तिच्याकडे पाहिले. परातीतला मागच्या पायाचा तुकडा उचलून तिच्यापुढे धरला.

"आधी खा."

"आधी एक फोटो..."

"खा म्हणते ना."

पेइशानने कॅमेरा पाठीमागे टाकला आणि दोन्ही हातांनी तुकडा घेतला. पहिल्या घासाला तिच्या ओठांना पांढरे पीठ लागले. ती चावत राहिली. ते चिकट होते आणि चावायला वेळ लागत होता.

वांचू तिचे खाणे संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग तिने रिकामी परात उचलली. मधे पिठाचा एक लांबट गोल उरला होता. देवळामागच्या नळावर तिने परात धरली, हाताने घासून स्वच्छ केली आणि उन्हात भिंतीला टेकवून ठेवली.