बुरशीचे तीन ठिपके

भोकरदनच्या फोटोवाल्या धर्मराजला साफसफाईचं भारी वेड. माणसाला एखादं वेड जरूर असावं, पण हात कुठं आवरायचा ते कळायला हवं, आणि धर्मराजला पन्नाशी गाठली तरी ते कळलं नव्हतं. त्याचे वडील तातेराव निजामाच्या राज्यात जत्राजत्रांतून तीन पायांचा कॅमेरा मांडायचे आणि काचेच्या प्लेटांवर फोटो काढायचे. त्यांच्या माघारी सहा पेट्या प्लेटा माळ्यावर धूळ खात पडल्या होत्या. दोन हजार तीन साली धर्मराजनं कॉम्प्युटर घेतला, झाकणातून उजेड पाडणारा स्कॅनर घेतला आणि एकेक प्लेट त्यात उतरवायला लागला. काचेवर माणूस उलटा असतो, चेहरा काळा आणि केस पांढरे. कॉम्प्युटर त्याला सुलटा करतो. मग धर्मराज ओरखडे, डाग, बुरशीचे ठिपके असं सगळं निवडून निवडून पुसायचा. त्याच्या हाताखालून निघालेली जुनी माणसं नुकतीच न्हाव्याकडून आल्यासारखी दिसायची.

काम झालेल्या पेट्या त्यानं शेजारच्या रखमाजी फ्रेमवाल्याला देऊन टाकल्या. रखमाजी गरम सोड्याच्या पाण्यात काचेवरचा फोटोचा थर सोडवायचा आणि ती काच देवांच्या तसबिरींना लावायचा. फोटो कॉम्प्युटरात आला की काच म्हणजे निव्वळ अडगळ, असं धर्मराजचं ठाम मत होतं.

एका दुपारी पिंपळगाव रेणुकाईहून आसराबाई आल्या. पासष्टीच्या, उन्हानं करपलेल्या. दुकानात न शिरता पायरीवरच टेकल्या.

"बापू, तुह्या बापानं जत्रंत मह्या बापाचा फोटू काढल्ता म्हणं. बिरू नाव. संगं मही माय व्हती. मी चार वर्साची आसतानी वारली ती. मला तिचं तोंड याद न्हाई. तेवढं एक डाव दाव, मंग मी जाते."

धर्मराजनं तातेरावांची वही काढली. 'बिरू, पिंपळगाव, सजोडे.' बायकोचं नाव लिहायची तेव्हा रीतच नव्हती. नंबर जुळवून त्यानं ऐटीत फोटो उघडला. खुर्चीवर पटका बांधलेला बिरू, शेजारी डोक्यावर पदर घेऊन उभी त्याची बायको. चेहरा कसा लख्ख!

आसराबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. बापाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बाईच्या हनुवटीवर नजर लावून उभ्या राहिल्या आणि मग हळूच मागं सरल्या.

"ही मही माय न्हाई."

"मावशी, तोंड आठवत न्हाई म्हणता, मंग कसं वळखलं?"

"तोंड न्हाई, हनवटी याद हाय. तीन ठिपके गोंदेल व्हते. मांडीवर निजले की मी त्याच्यावर बोट ठिवायचे. तेवढंच हाय मह्यापाशी. हिची हनवटी बिलकुल कोरी. ही मही सावत्र माय आसंल. बापानं दुसरी केल्ती, ती बी सालाच्या आत वारली. तिलाच जत्रंत नेलं व्हतं म्हणायचं." त्या रडल्या नाहीत. पायात चपला सरकवत एवढंच म्हणाल्या, "मह्या मायचा कुठला आलाय फोटू!" आणि स्टँडकडं चालू लागल्या.

धर्मराजनं ती कोरी हनुवटी पडद्यावर मोठी करून पाहिली. या प्लेटवरचे बुरशीचे ठिपके त्यानंच पुसले होते. पण बुरशी प्लेटच्या कडेनं धरते. मोजून तीन ठिपक्यांत, तेही बाईच्या हनुवटीवर, ती कशाला बसेल? साफ न केलेली फाईल शोधावी म्हटलं, तर साफ केलेली त्यानं तिच्यावरच ठेवून जुनी कायमची पुसली होती. आणि मूळ प्लेट गेली होती रखमाजीकडं.

तो अनवाणीच पळाला.

"रखमाजी, थांब! पाण्याला हात लावू नको!"

टोपात पाच-सहा काचा उभ्या होत्या, निम्म्या सोड्यात, निम्म्या बाहेर. तिसरी बिरूची निघाली. बिरूकडची बाजू खाली होती. थर सायीसारखा सुटला होता आणि बिरू खुर्चीसकट विरघळून गेला होता. बाईची बाजू मात्र जशीच्या तशी होती. धर्मराजनं ती काच लेकरासारखी दोन्ही हातांवर घेतली आणि गार पाण्यातून काढली.

मग तो स्कूटरवर स्टँडला गेला. आसराबाई गाडीत बसल्या होत्या. खिडकीखाली उभा राहून भरल्या गाडीसमोर तो म्हणाला, "मावशी, उतरा. ती तुमचीच माय हाय. तिची हनवटी म्या पुसली."

ओली प्लेट स्कॅनरवर ठेवता येत नाही, सावलीत वाळवावी लागते. धर्मराजनं ती टेबलावर भिंतीला टेकवली आणि तोवर उरलेल्या पेट्या रखमाजीकडून परत आणल्या. आसराबाई प्लेटसमोर बसून पदरानं माश्या वारत होत्या.

"हिचे केस तं पार पिकेल हायत," त्या म्हणाल्या.

"काचेवर उलटं दिसतं, मावशी. कॉम्प्युटरात सुलटं होईल."

"जल्दी करू नको. म्हातारी झाली आसती तं अशीच दिसली आसती. तेवढं बघून घेते."

मान खाली घालून धर्मराज म्हणाला, "तुमच्या वडलांची बाजू गेली, मावशी. माफ करा."

"बाप सत्तरीचा व्हईस्तोर मह्याच घरी व्हता. त्येला पोटभर पाह्यलं मी. जाऊ दे."

दोन तासांनी प्लेट वाळली. या खेपेला धर्मराजनं काही म्हणजे काही पुसलं नाही. पडद्यावर बाई उमटली, ओरखड्यांसकट, कडेच्या बुरशीसकट. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. केस काळेभोर, गाल भरलेले. कॅमेऱ्याला भ्यालेली, पदर मुठीत घट्ट धरलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोर.

आसराबाई बघतच राहिल्या. आता कुठं त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"साठ वर्सं राग धरला मी हिच्यावर. मला टाकून गेली म्हणून. आन ही तं मह्या नातीहून बारकी हाय रे, बापू."

त्यांनी पडद्यावरच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, थोरांनी लेकराची दृष्ट काढावी तशी.

"लेकरू व्हतीस गं तू," त्या आपल्या आईला म्हणाल्या. "कुठं थांबणार व्हतीस मह्यासाठी?"